पाटीनं कापलेली माय

हळद शिजण्याचा वास कुणाला आवडत असेल तर आवडो बापडा, मला तो सोसत नाही. माघ सरत आला की शिरड शहापूरपासून औंढ्यापर्यंत शिवारात जागोजागी वाफा निघायला लागतात. आता लोखंडी ड्रमांचे कुकर आलेत. ट्रॅक्टरमागं जोडून थेट शेतात आणतात आणि एका दिवसात अख्ख्या वावराची हळद शिजवून मोकळे होतात. वास मात्र तोच. ओल्या मातीचा, जरा कडवट, घशाशी बसणारा. शाळा सुटल्यावर आखाडा बाळापूरला परतताना तो एसटीच्या खिडकीतून आत शिरतो आणि बसल्याजागी माझी मान ताठ होते. शेजारची बाई विचारते, "मॅडम, बरं न्हाई का?" तिला काय सांगणार? सांगण्यासारखं होतं कुठं काही.

यंदा सांगण्यासारखं झालं. यंदा या वासाचे दिवस मी फोनकडं डोळे लावून काढले. पुण्यात सौरभ नावाचा एक तरुण आहे. तो जुन्या सिनेमांची रिळं गोळा करतो आणि यंत्रावर त्यातलं एकेक चित्र उतरवून घेतो. त्याच्याकडं एका सिनेमाची पेटी आली होती. त्या पेटीतल्या नवव्या रिळात माझी माय होती. मायचा एकही फोटो या जगात नाही. मी चार वर्षांची असताना ती तापानं गेली आणि तिचं तोंड मला आठवत नाही. आठवत नाही म्हणजे नाहीच. अंधुक, पुसट, स्वप्नात वगैरे काही नाही. लोक आईच्या आठवणी सांगायला लागले की मी उठून चहा ठेवायला जाते.

तिचं तोंड त्या रिळात होतं आणि तरी आजवर कुणाला दिसलेलं नव्हतं. हे कसं, ते सांगायचं तर आधी माझ्या वडिलांचं सांगावं लागेल.

आमचं घर मेंढरांचं. आबांची, म्हणजे आजोबांची, दीडेकशे मेंढरं होती. त्यांच्या थोरल्या लेकानं, म्हणजे माझ्या अण्णांनी, काठी टाकली आणि ते फिरत्या टॉकीजमध्ये मशीन चालवायला लागले. आबांनी त्यांच्याशी वर्षभर बोलणं टाकलं. "माणसानं जितराबामागं फिरावं, कापडावरच्या बायांमागं काय फिरतो?" असं ते चारचौघांत म्हणायचे. अण्णा ऐकून घ्यायचे आणि जत्रा आली की तंबूबरोबर निघून जायचे. औंढ्याची शिवरातीची जत्रा, मग कुठला तरी उरूस, मग आणखी कुठली जत्रा. जत्रांचे दिवस म्हणजे हळदीचेही दिवस. अण्णा घरी यायचे ते दोन्ही वास घेऊन, मशीनच्या तेलाचा आणि हळदीचा.

मशीनमध्ये रीळ आणि भिंग यांच्यामध्ये एक पातळ लोखंडी पाटी असते. तिच्या मधोमध चौकोनी भोक. रिळावरचं चित्र असतं चांगलं उंच, जवळपास आपल्या जुन्या टीव्हीच्या आकाराचं. पण पडदा रुंद दिसावा म्हणून ती पाटी चित्राचा वरचा नि खालचा पट्टा झाकून टाकते. सिनेमा काढणाऱ्यांना ते ठाऊक असतं. त्यामुळं त्या झाकल्या जाणाऱ्या पट्ट्यांत काहीही चालतं. वरून माईकचा दांडा लोंबतो, राजवाड्याची भिंत अर्ध्यातच संपते, नटीवर ऊन येऊ नये म्हणून कुणी तरी लिंबाचा डहाळा धरून उभा असतो. पाटी आहे ना, मग कशाला काळजी? अण्णांच्या तंबूचं कापड तर जास्तच बुटकं होतं, म्हणून त्यांची पाटीही जास्तच खादाड. ते हसून म्हणायचे, "पोरी, निम्मा सिनेमा ही पाटीच खाते."

सौरभचं यंत्र ही पाटी मानत नाही. रिळावर जे आहे ते सगळं उतरवतं, गोलसर कोपऱ्यांसकट, कडेच्या भोकांसकट. त्याचे असे तुकडे मी पहिल्यांदा फोनवर बघितले आणि चटकच लागली. स्वयंपाक करपला, वह्या तपासायच्या राहिल्या, बाई फोन घेऊन बसलेली! काय आवडतं त्यात, असं माझा नवरा विचारायचा. मला नीट सांगता यायचं नाही. नटी ढसाढसा रडत असते आणि तिच्या डोक्यावर वीतभर अंतरावर काळा माईक. तो बघून रडणं खोटं वाटायला पाहिजे. मला उलटं व्हायचं. एवढी माणसं भोवती उभी असताना, उन्हात, त्या माईकखाली ही बाई रडते आहे म्हणजे काय जिगर आहे, असं वाटायचं. राजवाडा कुठं संपतो ते दिसलं की त्याच्यामागचं खरं आभाळ दिसायचं, आणि त्या आभाळात एखादी घार. ती घार कुणी बोलावलेली नव्हती. तिला कुणी तरी कापून टाकलं होतं आणि तरी ती तिथं होती.

सौरभच्या व्हिडिओखाली लोक भांडतात. एक म्हणतो, दिग्दर्शकानं जे झाकलं ते उघडं करणं हा गुन्हा आहे. दुसरा म्हणतो, आमच्या बालपणीचा सिनेमा बिघडवू नका. एकदा फोनवर त्यानंच मला विचारलं, "मॅडम, त्यांना जे दाखवायचंच नव्हतं ते आपण बघतो, हे बरोबर आहे का?"

"माझ्या मायला कुणी विचारलं होतं का, की बाई, तुझं डोकं कापतो, चालेल का?" मी म्हटलं. जरा जोरातच.

झालं होतं असं. मायच्या शेवटच्या फाल्गुनात शिरडच्या शिवारात सिनेमाची माणसं आली. नाव सांगण्यात अर्थ नाही, सिनेमा पडला आणि कुणाच्या लक्षातही राहिला नाही. त्यांना हळद शिजवणारी काहील पाहिजे होती, वाफ पाहिजे होती, मेंढरं पाहिजे होती. तेव्हा कुकर नव्हते. भलीमोठी लोखंडी काहील, खाली चुलाण, वर हळदीचा पाला घालून झाकलेली. नटी काहिलीपाशी खाली बसून हळद निवडतेय आणि नट येऊन बोलतो, असा प्रसंग. मागं गावच्या बाया दोन रांगांत उभ्या केल्या. अण्णा त्या दिवशी नव्हते, तंबूबरोबर कुठल्या तरी जत्रेत. सिनेमाच्या माणसाची बायको सिनेमात आणि माणूस दुसऱ्याच गावी सिनेमा दाखवतोय, हे अण्णांना पुढं जन्मभर टोचलं. पावसाळा संपायच्या आत माय गेली.

तो सिनेमा आमच्याकडं पोचायला तीन वर्षं लागली. मी सात वर्षांची होते. शिवरातीला औंढ्याच्या जत्रेत तीन दिवस लागला आणि अण्णांनी मला तिन्ही दिवस तंबूत बसवलं. पहिल्या दिवशी त्यांनी आधीच शिकवून ठेवलं होतं. गाण्याच्या आधी काहील येईल, मागं बाया असतील. पुढच्या रांगेतल्या दोन बायांच्या मधून एक हात दिसेल, हिरवं काकण, मनगटावर गोंदण. तो तुझ्या मायचा. मी श्वास धरून बसले. काहील आली, वाफ आली, नटी बसली. मागं उभ्या बायांची पातळं दिसली, गळ्यातल्या पोती दिसल्या आणि त्याच्या वर काळी पट्टी. नटी खाली बसलेली ना, सगळं चित्र तिच्या मापानं कापलेलं. उभ्या बायांना मुंडकीच नाहीत! तंबूत कुणी तरी खिदळलं, "बिनमुंडक्याच्या बाया!" हात मात्र होता. दोन बायांच्या मधून, हिरवं काकण, गोंदण. मोजून सात-आठ सेकंद. मग नट मध्ये आला.

"अण्णा, तोंड?" मी विचारलं.

"हाय. रिळावर हाय. पाटीनं झाकलंय."

दुसऱ्या दिवशी दुपारी त्यांनी मला ते नववं रीळ उन्हात धरून दाखवलं. चित्र नखाएवढं. त्यात बाया तिळाएवढ्या. वर डोकी असल्यासारखं काही तरी काळं काळं. "बघ, हाय का न्हाई?" मी मान हलवली. काही कळलं नव्हतं. ते ट्रंकेतून कानस काढून पाटी हातात धरून बसले. भोक वरच्या बाजूनं थोडं घासलं असतं तर डोकी आली असती. किती तरी वेळ कानस पाटीला टेकवून बसलेले मला दिसतात. मग त्यांनी ती परत ठेवली. पाटी मालकाची. एकदा घासली की लोखंड परत भरून येत नाही आणि मग प्रत्येक सिनेमात माईक दिसणार. दुसरे ऑपरेटर गाण्यातले आवडते तुकडे कापून घरी न्यायचे. अण्णांनी तेही केलं नाही. नखाएवढा तुकडा! कुणाला कळलंही नसतं. या माणसाच्या प्रामाणिकपणाचा मला कधी कधी इतका राग येतो, की बोलता सोय नाही.

त्यांनी तिसऱ्या दिवशी, शेवटच्या खेळाला, जे केलं ते मला आधी सांगितलं होतं. मशीनला एक मूठ असते. चित्र वर-खाली सरकलं तर ती फिरवून जुळवायचं. अण्णा म्हणाले, "काहील आली की म्या मूठ फिरवतो. चित्र खाली येईल, डोकी दिसतील. नटी गेली तर गेली. तू डोळे उघडे ठिव. पापणी बी हलवू नको."

काहील आली. चित्र हललं आणि खाली घसरलं. नटीची हनुवटी कापडाच्या खाली गेली आणि सगळा तंबू एकदम ओरडला, "ए, फ्रेम! झोपला का रे? ए मशीनवाल्या!" शिट्ट्या, शिव्या. माझ्या बापाला शिव्या. सगळ्यांनी माना मागं वळवल्या, मशीनकडं. आणि मी? मीही मागं बघितलं.

सात वर्षांच्या पोरीनं दुसरं काय करावं, असं सगळे म्हणतात. ज्यांना सांगितलं त्या दोघा-तिघांनी तेच म्हटलं. मला ते पटत नाही. मी पुन्हा पडद्याकडं वळले तेव्हा चित्र जागेवर आलं होतं आणि नट बोलत होता.

खेळ सुटल्यावर अण्णा घामेजलेले बाहेर आले. मालकानं त्यांना झापलं होतं हे मला ऐकू आलं होतं. त्यांनी उकिडवं बसून माझे दोन्ही दंड धरले. "दिसली?"

"दिसली," मी म्हटलं.

"कशी हुती?"

"हसत होती."

अण्णांनी माझ्याकडं बघितलं. बराच वेळ. मग माझ्या डोक्यावरून हात फिरवला आणि म्हणाले, "बरं झालं, माय." दुसऱ्या दिवशी सकाळी पत्र्याच्या पेट्या एसटीच्या टपावर चढल्या आणि सिनेमा दुसऱ्या गावी गेला. पुन्हा कधी आला नाही. अण्णा गेले त्यालाही आता बारा वर्षं झाली. ते असेपर्यंत मी त्यांना खरं सांगितलं नाही. दर हळदीच्या मोसमात ठरवायचे, यंदा सांगू. वास यायचा आणि मी दुसरंच काही तरी बोलायचे.

तर अशा बाईनं सौरभच्या एका व्हिडिओखाली सिनेमाचं नाव लिहून विचारलं, हा आहे का तुमच्याकडं? आठवड्यानं उत्तर आलं. आहे, पण हालत वाईट आहे.

रीळ आंबतं, हे मला तेव्हा कळलं. जुन्या फिल्मला आंबट वास सुटतो, ती आखडते, वाकडी होते, तिचे वेढे एकमेकांना चिकटतात. सौरभ म्हणाला, बाकीची रिळं निघतील, नववं सगळ्यात वाईट आहे. मी म्हटलं, मला नववंच पाहिजे. तो म्हणाला, "मग एक सांगतो. ते एकदाच फिरेल. फिरताना तुकडे पडले तर पडले. दुसरी संधी नाही." मी फोन कानाला लावून अंगणात उभी होते. पलीकडच्या वावरात कुकर चालू होता. आपल्या नशिबात सगळं एकदाच का फिरतं, असं मनात आलं आणि देवाचा सणसणीत राग आला.

शिरडला कोंडाआत्या आहे, अण्णांची धाकटी बहीण. मायला जवळून बघितलेलं एवढं एकच माणूस आता उरलंय. तिच्या एका डोळ्यानं दिसायचं कधीच बंद झालंय, दुसऱ्यात मोती पिकलाय. ऑपरेशनला तयार नाही. मी फोनवर तिला रिळाचं सांगितलं. ती म्हणाली, "सुमे, लवकर कर बाई. ह्यो डोळा उलीसाच राहिलाय. एकदा वहिनीला बघते, मग जाऊ दे गेला तर."

म्हणजे आता दोन घड्याळं चालू झाली. तिकडं रीळ आंबत होतं, इकडं आत्याचा डोळा विझत होता. मी रोज सौरभला विचारायचे आणि रोज विचारल्याबद्दल माफी मागायचे. वर्गात पोरं पाढे म्हणत असताना टेबलावरचा फोन थरथरला की माझा खडू तुटायचा. सौरभ रीळ कसल्या तरी डब्यात ठेवून हळूहळू सैल करत होता. चौथ्या दिवशी म्हणाला, चाळीस फूट सुटलं. पुढं म्हणाला, मध्ये एक तुकडा पार गेलाय, तुमचा प्रसंग त्याच्या आधी आहे की नंतर? गाण्याच्या आधी, मी म्हटलं. तो म्हणाला, आधी म्हणजे किती आधी? मला काय माहीत! सात वर्षांची पोर फूट मोजत बसली होती का? मी त्याच्यावर खेकसले आणि मग अर्ध्या तासानं पुन्हा माफी मागितली. त्यानंतर दोन दिवस त्याचा फोन आला नाही. मी ते दोन दिवस कसे काढले ते माझ्या नवऱ्याला विचारा. त्यानं बिचाऱ्यानं बिनमिठाचं वरण न कुरकुरता खाल्लं.

तिसऱ्या दिवशी सकाळी निरोप आला. "निघालं. पाठवलंय. मी काही बोलत नाही, तुम्हीच बघा."

मी काही बोलत नाही म्हणजे काय? आहे म्हणून बोलत नाही, की नाही म्हणून? मी ते उघडलं नाही. शाळेत रजेचा अर्ज टाकला आणि शिरडची वाट धरली. दोन गाड्या बदलून, फोन पर्समध्ये, पर्स पोटाशी. कंडक्टरनं दोनदा विचारलं, कुठं जायचं? एकदा मागं बघण्याची चूक केली होती, आता पुढं बघण्याचाही धीर होत नव्हता. एकटीनं बघितलं आणि ओळखलं नाही तर? आपली आई समोर असावी आणि आपल्याला ही का ती, असं व्हावं, यासारखी लाज नाही.

आत्या वावरात होती. तिच्या नातवांची हळद शिजत होती आणि ती बाजूला पाल्यावर बसून उगीच हळकुंडं चाचपत होती. माझा आवाज ऐकून तिनं हात पुसले. "आणलीस?" एवढंच. मी फोन काढला तर लख्ख उन्हात त्यावर माझंच तोंड. आत्या म्हणाली, "थांब," आणि तिनं आपला पदर सोडून माझ्या डोक्यावरून घेतला. आम्ही दोघी त्याच्या सावलीत, फोन मध्ये. तिच्या अंगाला हळदीचा वास होता. माझा अंगठा चालेना.

"लाव की गं. मी मरायची वाट बघून राहिलीस का?"

लावला. डागाळलेलं, लालसर पडलेलं, उड्या मारणारं चित्र. गोलसर कोपरे. काहील आली, वाफ आली, नटी खाली बसली. मी चित्र थांबवलं. काळी पट्टी नव्हती. पट्टीच्या जागी आभाळ होतं, माईकचा दांडा होता, आणि बायांना डोकी होती.

"ही मी!" आत्या केवढ्यानं ओरडली. पुढच्या रांगेत, सतरा-अठरा वर्षांची, तोंड उघडं टाकून थेट आपल्याकडं बघणारी पोरगी. "सुमे, ही मी गं! अगं बाई, दात बघ माझे!" ती हसत होती नि डोळे पुसत होती. तिच्या मागं, ती नि शेजारची बाई यांच्या मधून, तो हात. हिरवं काकण, गोंदण. मी त्या हातावरून बोट वर नेलं. खांदा. मग मान असायला पाहिजे तिथं पदर. डोक्यावरून घेऊन पार हनुवटीच्या खाली ओढलेला.

तोंड नव्हतं. मी डोळे ताणून बघितलं, चित्र मोठं केलं, पुढं नेलं, मागं आणलं. सगळ्या चित्रांत तसंच. मी बाकीच्या बायांकडं बघितलं. निम्म्यांची तोंडं उघडी, निम्म्यांचे पदर हनुवटीपर्यंत.

"असं का केलंय गं यांनी?" मी विचारलं.

आत्या फोन डोळ्याला लावून बघत होती. "आबा," ती हळूच म्हणाली. "आबा हुते ना कॅमेऱ्यापशी. मेंढरं हाकायला त्यांना तिथंच उभं केलं हुतं. सासरा समोर, मग सुना कशा तोंड उघडं ठेवतील? आमी लेकी, आमाला काय. ही बघ, उघड्या तोंडाच्या त्या गावच्या लेकी, पदरवाल्या सुना. सिनेमावाला बोंबलून राहिला हुता, पदर वर करा, पदर वर करा. कोन ऐकतंय? शेवटी म्हनला, जाऊ द्या, डोकी तशी बी येत न्हाईत."

फोन हळदीच्या कुकरात फेकून द्यावा असं वाटलं. पाटीला मी पन्नास वर्षं शिव्या दिल्या आणि पाटीच्या वर हे होतं! मशीनपाशी उभा बाप मला आठवला, मूठ फिरवून, भोकातून पडद्याकडं बघणारा. त्याला दिसलं असणार. चित्र खाली आलं तेव्हा त्यानं हा झाकलेला पदर बघितला असणार. आणि बाहेर येऊन त्यानं मला विचारलं, कशी होती, आणि मी म्हटलं, हसत होती. त्याला तिथल्या तिथं कळलं की पोर खोटं बोलतेय. तरी म्हणाला, बरं झालं, माय. शेवटपर्यंत मला कळू दिलं नाही. मी त्याच्यापासून लपवत होते आणि तो माझ्यापासून. मी पदराखाली हमसून हमसून रडले. आत्यानं रडू दिलं. बाजूला कुकरची वाफ सुटली आणि कुणी तरी म्हणालं, झाली, उतरवा.

जरा वेळानं मी नाक पुसलं. "आत्या, तू तरी सांग. कशी होती गं ती दिसायला? सावळी का गोरी, नाक कसं, काही तरी सांग. तुझ्याशिवाय कुणाला विचारू?"

आत्या अजून फोनला चिकटली होती. तिच्या बोटानं चित्र कसं तरी मोठं झालं होतं. मायच्या पदराशेजारी, तिच्या कडेवर, एक लेकरू होतं; तोंड शोधण्याच्या नादात माझं तिकडं लक्षच गेलं नव्हतं. अंग सगळं आत्याच्या नि शेजारच्या बाईच्या आड, म्हणून खालून कधी दिसलंच नव्हतं. विस्कटलेले केस, कानात दोऱ्याचे डूल. एका हातानं पदराची कड उचलून धरलेली आणि वाकून आत बघत, सगळे दात काढून हसत होतं.

"हे कोण?" मी विचारलं.

"कोन म्हंजी? तूच की. चार वर्साची घोडी, खाली उतरायला तयार न्हाई. रडशील म्हनून वहिनी पदराआडून तुला तोंड वेडावून दाखवून राहिली हुती. आमाला मागून निसतं तुझं खिदळनं ऐकू येई." तिनं फोन माझ्या हातात ठेवला आणि त्या लेकरावर आपलं पिवळं बोट टेकवलं. "हे बघ. नाकाला नाक लावून बघून राहिलीस तिच्याकडं. एवढ्या जवळून म्या बी तिला कंदी बघितली न्हाई. मला काहून इचारतीस?"